गोदावैनीची साक्ष

आमच्या घरात एक पलंगपोस आहे. त्याचा रंग कोणता, असं कोणी विचारलं तर मी तपकिरी सांगतो. सून म्हणते, "मामा, शेवाळी हाय तो. आंधळ्यालाबी कळंल." मी म्हणतो, तपकिरी. मग ती मान हलवून आपल्या कामाला लागते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाशी रंगावरून कोण डोकं लावणार.

मला रंग कळत नाही अशातला भाग नाही. जन्मभर सुतारकी केली. खुर्च्या, पलंग, कपाटं घासून पुन्हा नवीन करून दिली. सागाचं पॉलिश आणि शिसवीचं पॉलिश मी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतो. पण हा पलंगपोस तपकिरीच आहे आणि मी मरेपर्यंत तपकिरीच राहणार आहे. का, ते सांगायचं तर आधी गोदावैनी सांगाव्या लागतील. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, जोडाक्षराला हात अडतो. तरी हे दुसऱ्याच्या हातानं लिहून घेणार नाही. थकलो की थांबेन, पुन्हा लिहीन.

कंधारात आमच्या दोन घरांना मिळून एकच अंगण. एका अंगाला माझं छप्पर, दुसऱ्या अंगाला गोदावैनींची चूल. त्यांचा नवरा दिगंबर रंगारी माझा दोस्त, म्हणून त्या वैनी. दिगंबर लवकर गेला. रंगाचं काम मग वैनींनी एकटीनं ओढलं. चुलीवर कल्हईचा तांब्याचा हंडा असायचा, त्यात कधी अन्न शिजलं नाही. माझ्या रंध्यातून पडलेल्या ढलप्या त्या चुलीत जायच्या. बदल्यात मला सकाळचा चहा. हा व्यवहार कोणी ठरवला नव्हता, आणि तो कधी मोडलाही नाही.

लोक विटलेलं सामान घेऊन यायचे. पलंगपोस, पडदे, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी. लुगडी, सदरे त्या घेत नसत. नवीन बाई साडी घेऊन आली की सांगायच्या, "माय, मी आंगावरचं रंगवत न्हाई, आंगाखालचं रंगवते." बाई लाजायची, आणि वैनी तोंड जराही न हलवता पुढचं काम करायच्या.

कपडा आधी उकळून त्याची खळ काढायच्या. "उपाशी असला म्हंजी रंग खातो," म्हणायच्या. भरल्या पोटाच्या कपड्यावर रंग नुसता बसतो आणि पहिल्या धुण्यात उठून जातो, हे त्यांचं ठाम मत. टेरीकॉटचं कापड आलं की दोन बोटांत चुरगाळून परत द्यायच्या. "ह्येला तोंडच न्हाई, खाईल कुठून." हंड्यात खडे मीठ पडायचं, आणि मग पाऊण तास काठी. काठी थांबली की कपड्यावर धब्बे पडतात, म्हणून त्या वेळेला दारात कलेक्टर आला असता तरी वैनी उठल्या नसत्या. माशी नाकावर बसली तर नाक मुरडून उडवायच्या, हात काठीचा काढायच्या नाहीत.

त्यांचे हात कोपरापर्यंत कधीच स्वच्छ नसायचे. लग्नाच्या पंगतीत बसल्या की वाढणारी विचारायची, "वैनी, आज कोनाचे पडदे?" हात बघूनच गावाला कळायचं कोणाच्या घरी काय चाललंय. मला त्या मिस्तरी म्हणायच्या. राग आला तरच भाऊजी. वर्षात दोनतीनदा मी भाऊजी व्हायचो.

त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या रंगाऱ्याकडे पाहिली नाही. सासूनं शिकवलेली. कपडा हंड्यात टाकायच्या आधी एका कोपऱ्यात चिंचोका धरायचा आणि त्यावर मेण लावलेल्या दोऱ्यानं आवळून गाठ मारायची. गाठीच्या आत रंग जात नाही. सगळा कपडा बदलतो, तेवढी रुपयाएवढी जागा पहिल्यासारखी राहते. ह्याला वैनी साक्ष म्हणायच्या. "साक्ष ठिवलीय," असं सांगूनच कपडा हातात द्यायच्या. आणि ती गाठ त्या स्वतः सोडत नसत. मालकानं घरी न्यायचं, उजेडात बघायचं, रंग पसंत पडला तर आपल्या हातानं गाठ सोडायची. पसंत नसला तर गाठीसकट परत आणायचं. गाठ सोडली की बोलणं संपलं.

एकदा नांदेडहून एक लॉजवाला आला. चाळीस चादरी, सगळ्या डागाळलेल्या, सगळ्या गडद करायच्या. फक्त म्हणाला, ते कोपऱ्यातले ठिपके नकोत, गिऱ्हाइकाला डाग वाटतो. वैनींनी चादरींचं गाठोडं बांधून त्याच्या रिक्षात ठेवलं.

मी म्हणालो, "वैनी, वर्षाचं काम व्हतं. एका ठिपक्यासाठी घालवलं."

"मिस्तरी, ज्येला पहिलं काय व्हतं ते झाकायचंय, त्येनं माझ्याकडं कामून यावं?"

"झाकायलाच येतेत की समदे. म्याबी झाकतो. लाकडाला पॉलिश कशाला करतेत?"

"तुमी मेकप करता," त्या म्हणाल्या. "खुर्चीच्या बुडाला तरी बोटभर जागा सोडत जावा."

मी सोडली नाही. मला सांगणारं कोण, असा माझा स्वभाव. पुढं वर्षभरानं एका गुरुजींनी खुर्च्या पॉलिश करून नेल्या आणि चार दिवसांनी भांडायला आले. माझ्या सागवानी होत्या, ह्या बाभळीच्या दिल्या, म्हणाले. मी संतापलो. अंगणात माणसं जमली. शेवटी पटाशी घेऊन मीच माझं पॉलिश खरवडलं, आतला साग दाखवला, आणि ती खुर्ची पुन्हा पहिल्यापासून केली. वैनी चुलीपाशी होत्या. त्यांनी चहा दुप्पट साखरेचा पाठवला. त्या दिवसापासून मी प्रत्येक खुर्चीच्या बुडाला बोटभर जागा कोरी सोडू लागलो. सांगितलं नाही कोणाला. एकदा मी जेवायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर एक खुर्ची उलटी पडलेली आणि वैनी आपल्या हंड्यापाशी, पाठ माझ्याकडं करून. खांदे हलत होते. हसून राहिल्या होत्या.

रंगाच्या पुड्या ठेवायला मी त्यांना एक लांबट पेटी करून दिली होती. एका ओळीत नऊ खाने, वर झाकण, पुढं कडी. वैनींना वाचता येत नव्हतं. पुड्या त्यांनी आपल्या हिशेबानं लावल्या, तो क्रम कधी बदलला नाही. दुसऱ्या खान्यात ऊदा, म्हणजे जांभळा. तिसऱ्यात तपकिरी. मधल्यात लाल. सातव्यात हिरवा. आठव्यात उदी, म्हणजे राखेच्या वळणाचा. नऊ रंगांतून त्या पंचवीस काढायच्या.

मग त्यांना साखरेनं धरलं. पहिली पाय धरते म्हणतात, वैनींचे डोळे धरले. त्या बोलल्या नाहीत, पण मी समोरच बसणारा माणूस. आधी कपडा हंड्यातून काढला की त्या उन्हाकडं धरायच्या. आता गालाला लावू लागल्या. सुईत दोरा ओवायला माझ्या सुनेला हाक मारू लागल्या, वर सांगायच्या की हात ओले आहेत. पोरगा प्रकाश लातूरला एका शिकवणीच्या हापिसात कारकून. तो दर महिन्याला म्हणायचा, आई, चल लातूरला. त्या म्हणायच्या, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी चूल कुठं मांडू?" काम बंद झालं म्हणजे लातूर, आणि डोळ्याचं बाहेर कळलं म्हणजे काम बंद. एवढं साधं होतं ते. मला कळत होतं. मी गप होतो.

त्या साली पेटीचं झाकण पावसाळ्यानं फुगून अडकू लागलं. वैनी जोर लावून उघडायच्या. एक दिवस त्या दवाखान्यात गेल्या असताना मी पेटी उचलली. झाकण रंधलं. मागची फळी बिजागऱ्यांच्या जागी कुजलेली होती, म्हणून बिजागऱ्या काढून पुढच्या फळीवर बसवल्या आणि कडी मागं नेली. जुन्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. चांगलं काम झालं. पुड्यांना हातही लावला नाही, जिथल्या तिथं राहू दिल्या. वैनी आल्या, झाकण उघडून पाहिलं. एका बोटानं उघडलं. "मिस्तरीचा हात हाय," म्हणाल्या. मला बरं वाटलं.

आठवड्यात दर्ग्याकडच्या शमीमआपा आल्या. मुलीचं लग्न. पांढऱ्या दोन चादरी, पडदे, गिलाफ म्हणजे उशांचे अभ्रे. त्या वैनींना 'बी' म्हणायच्या. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "बी, ऊदा होना. जामुन जैसा, गहरा." वैनी म्हणाल्या, "हाव, ऊदा." मी दहा हातांवर होतो. दोन्हीकडचं ऐकलं.

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा आपा सगळं गाठोडं घेऊन परत आल्या. एकाही गाठीला हात लावलेला नव्हता. त्या दिवशी प्रकाश सुट्टीवर आलेला होता.

"बी, मैं ऊदा बोली थी. ये तो राख है."

वैनींनी कपडा हातात घेतला. गालापाशी नेला आणि तसाच खाली घेतला. म्हणाल्या, "आपा, तुमी उदी म्हणलाव. म्या उदीच केलं."

"उदी काय को बोलूंगी मैं? शादी का घर है. बच्ची के पलंग पर राख बिछाऊँ?"

आपा ओरडून बोलत नव्हत्या. पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं, त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं. शब्दाशब्दांत एवढासाच फरक, आमच्या गावात दोन्ही चालतात, ऐकण्यात चूक कोणाचीही होते. आपा दोन पावलं मागं सरल्या असत्या. पण वैनींनी मान माझ्याकडं वळवली.

"मिस्तरीला इचारा. ते हितंच व्हते."

मी रंधा थांबवला. आता मी काय सांगू. मी कधी खोटं बोललो नव्हतो, आणि गावाला ते माहीत होतं, आणि गावाला माहीत आहे हे मला माहीत होतं. माझ्यापाशी दुसरं होतंच काय. मी म्हणालो, "आपा ऊदाच म्हणल्या. जांभळासारखा म्हणल्या. वैनी हाव म्हणल्या."

हंडा तेवढा खदखदत होता.

"खरं हाय," वैनी म्हणाल्या. "भाऊजी खोटं बोलायचे न्हाईत."

प्रकाशच्या मनात आधीपासून काहीतरी असणार. तो आत गेला आणि सुईदोऱ्याच्या डब्यातून दोन रिळं घेऊन आला. आईच्या तळहातावर ठेवली. "आई, ह्यातला ऊदा कोंता?"

वैनींनी दोन्ही रिळं बोटांनी चाचपली. मग मूठ मिटली. "तुझ्या बापानं माझी कधी परीक्षा घेतली न्हाई," एवढंच म्हणाल्या.

आपा रडू लागल्या. "रहने दो बी, अच्छाच है, बिछाएंगे," असं काहीतरी म्हणत गाठोडं उचलून गेल्या. गाठी तशाच घेऊन गेल्या.

प्रकाशनं रजा वाढवली. आठवड्यानं आईला घेऊन निघायचं ठरलं. माझा एक पलंगपोस वैनींकडे आधीपासून पडून होता. माझ्या बायकोच्या हातचा, राणी रंगाचा, विटून पांढुरका गुलाबी झालेला. मी तपकिरी करायला दिला होता. प्रकाश म्हणाला, राहू दे काका. वैनींनी ऐकलं नाही. "घेतलेलं काम टाकून मी जायची न्हाई." निघायच्या आदल्या दिवशी हंडा शेवटचा चढला. पाऊण तास काठी चालली. त्या दिवशी ढलप्या मी स्वतः चुलीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी घडी करून त्यांनी पलंगपोस माझ्या हातात दिला. "साक्ष ठिवलीय, भाऊजी. बरं हाय का?"

शेवाळी झाला होता. मी म्हणालो, "उजेडात बघतो."

त्या गेल्या. हंडा मोडीत गेला. पेटी प्रकाशनं मला दिली, खिळे ठेवायला होईल म्हणून. पलंगपोस मी गाठीसकट ट्रंकेत टाकला. पसंत नव्हता तर गाठ कशी सोडणार.

पेटी पुष्कळ दिवस तशीच होती. एकदा खिळे भरायला घेतली. कडी आपल्याकडं करून बसलो, जसं कोणीही बसेल, आणि झाकण उघडलं. डावीकडून दुसऱ्या खान्यात हात घातला तर पुडी निघाली उदीची. तिसऱ्यात हिरवा. मी पेटी फिरवली. लांबी भरलेली जुनी भोकं माझ्यासमोर आली. तिथं कडी होती पूर्वी. मी बिजागऱ्या इकडच्या तिकडं केल्या तेव्हा पेटीचं तोंडच फिरवलं होतं. जो पहिला तो नववा, दुसरा तो आठवा, तिसरा तो सातवा. डोळे असलेल्या माणसाला काही फरक पडला नसता. खाने मोजून हात घालणाऱ्या माणसाला पडला.

शमीमआपा ऊदा म्हणाल्या हे खरं होतं. मी तेवढं खरं बोललो होतो. आजही म्हणतो, मी खरंच बोललो. पण त्या दिवशी अंगणात आणखी एक खरं होतं, ते माझ्या हातचं होतं, आणि मला माहीत नव्हतं.

लातूरला जायला मला वर्ष लागलं. आज जाऊ, उद्या जाऊ. गुडघे दुखतात, गाडीत बसवत नाही, असं सुनेला सांगायचो. शेवटी एक दिवस पलंगपोस पिशवीत घातला आणि निघालो. प्रकाशच्या घरी तीन मजले चढलो, प्रत्येक मजल्यावर थांबून.

वैनी गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. डोळ्याचा पडदा गेला होता, डॉक्टर म्हणाले होते गेलेलं येत नाही. पायाच्या आवाजावरून म्हणाल्या, "मिस्तरी व्हय? लई दम लागलाय तुमाला."

मिस्तरी म्हणाल्या. मी त्यांचे हात बघत होतो. दोन्ही हात कोपरापर्यंत स्वच्छ होते. नितळ. दुसऱ्याच बाईचे वाटत होते.

प्रकाशच्या बायकोनं चहा दिला. मी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणालो, "वैनी, पेटीच्या बिजागऱ्या म्या फिरवल्या व्हत्या."

"ठाव हाय."

"कवा कळालं?"

"आपा परत आल्या तवा. कपडा हातात आला तवाच ध्यानात आलं. भोकं चाचपून बघितली मंग."

"मंग त्याच वक्ताला म्हणायचं व्हतं की. मिस्तरीनं पेटी उलटी केली म्हणायचं. म्या कबूल झालो असतो."

"कसं म्हणू?" त्या सावकाश म्हणाल्या. "पेटी उलटी हाय म्हणलं असतं तर प्रकाशनं इचारलं असतं, तुला दिसलं न्हाई का. शब्दाची चूक बरी व्हती. शब्द कोनाचाबी चुकतो."

आणि तो शब्द मी त्यांच्या हातातून काढून घेतला होता. हे त्या बोलल्या नाहीत.

मी पिशवीतून पलंगपोस काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं आपोआप कोपऱ्याकडं गेली. एक, दोन, तिसऱ्या कोपऱ्यात गाठ सापडली.

"सोडली न्हाई तुमी."

"वेळ मिळाला न्हाई," मी म्हणालो. कोपरा त्यांच्या बोटांतून घेतला. मेणाचा दोरा इतक्या दिवसांत कडक झाला होता. नखं लागेनात, तेव्हा दातानं तोडला. चिंचोका फरशीवर पडला आणि टक्‌टक्‌ करत वैनींच्या पायापाशी गेला. आत रुपयाएवढा गुलाबी रंग होता, बायकोच्या हातचा.

"पसंत हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"कोंता झालाय?"

"तपकिरी मागितला व्हता. तपकिरीच झाला."

वैनी खाली वाकल्या. फरशी चाचपून त्यांनी चिंचोका शोधला. तो मुठीत धरून सरळ बसल्या. तोंड जराही हललं नाही, पण खांदे हलले.

"सातव्या खान्यात काय व्हतं, ते माझ्या ध्यानात हाय, मिस्तरी. म्या जाणूनच त्यात हात घातला व्हता," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायला लई उशीर केलाव."

मी म्हणालो, "तपकिरी हाय, वैनी. समदे तपकिरीच म्हणतेत."

"असंल मंग," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. पुढच्या साली प्रकाशचा फोन आला, तेव्हा माझे गुडघे खरंच गेले होते.

गाठ सोडली त्या दिवशी मी तीन मजले उतरून रस्त्यावर आलो आणि वर पाहिलं. वैनी गॅलरीत उभ्या होत्या. दोरीवर चादर वाळत होती, बाजारातून आणलेली, फुलांची. त्यांचा एक हात चादरीच्या कडेनं सरकत गेला. एक कोपरा चाचपला. मग दुसरा. वाकून खालचे दोन. कुठंच काही नव्हतं. मग त्यांनी मूठ उघडली, चिंचोका त्या चादरीच्या कोपऱ्यात ठेवला, आणि वरून दोन बोटांनी आवळून तशाच उभ्या राहिल्या.